गावच्या क्लबची मॅच, फर्स्ट डिव्हिजन, तिकीट शून्य: सीझनभराचा रिव्ह्यू

सरळ आकडा सांगते, पाचपैकी पाच. लोक हॉटेलांचे, स्कूटरचे, मिक्सरचे रिव्ह्यू लिहितात, मी आमच्या फुटबॉल क्लबचा लिहितेय, कारण गोव्यात राहून संध्याकाळ कशी घालवायची असा प्रश्न पडणाऱ्यांना ही गोष्ट कोणी सांगतच नाही. कॅसिनोच्या जाहिराती पणजीभर लागल्यात, बीच शॅकच्या रील्स उठल्याबसल्या दिसतात, पण चला गावच्या क्लबची मॅच बघायला असं कोणी म्हणत नाही. मी म्हणते, चला.

क्लबचं नाव लिहीत नाही, उत्तर गोव्यात बार्देश तालुक्यातला आहे एवढं पुरे. खाली पोरांबद्दल बरंच लिहिलंय आणि ती पोरं रोज लोकांच्या दारात कामाला जातात, उगाच त्यांना त्रास नको. तुमच्या गावात क्लब असेल तर तिथेही हेच सगळं मिळेल.

आधी बाहेरच्यांसाठी थोडं. गोव्यात सगळ्यात वर प्रो लीग, त्याखाली फर्स्ट डिव्हिजन, मग सेकंड, मग थर्ड, हे सगळं जीएफए म्हणजे गोवा फुटबॉल असोसिएशन चालवते, १९५९ पासूनची संस्था. इथे वर चढता येतं आणि खाली घसरता येतं, सगळा जीव त्यातच आहे. आयएसएल, म्हणजे देशातली सगळ्यात वरची इंडियन सुपर लीग, २०१४ ला सुरू झाली, २०२५ पर्यंत एकही क्लब तिथून खाली गेला नाही, आणि तिच्या खालची आय-लीग जिंकून वर जायचं दार २०२३ ला पहिल्यांदा उघडलं, पंजाबच्या क्लबला. म्हणजे इतकी वर्षं शेवटून पहिला आलात तरी पुढच्या वर्षी जागा पक्की असायची. आमच्याकडे शेवटून पहिला आलात तर पुढच्या वर्षी वेगळं मैदान, वेगळे प्रतिस्पर्धी, स्पॉन्सर गायब, आणि चांगली दोन पोरं दुसऱ्या क्लबात. त्यामुळे मार्च महिन्यातली साधी एक-एक बरोबरी सुद्धा पोटात गोळा आणते.

आयएसएलमधली एफसी गोवा माझीही टीम आहे हे आधीच सांगते, नाहीतर कोणीतरी विचारणार. २०२५ च्या २२ ऑक्टोबरला सौदी अरेबियाची अल-नस्र मडगावजवळ फातोर्ड्याच्या स्टेडियमवर आली होती, रोनाल्डो आला नाही तो भाग वेगळा, पण आमच्या ब्रायसन फर्नांडिसने गोल केला तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहिलं, २-१ ने हरलो तरी लोक मान वर करून बाहेर पडले. ती रात्र सुंदर होती, खोटं का बोलू. पण फातोर्ड्याहून घरी येताना मी एकटीच होते, म्हणजे आजूबाजूला हजारो माणसं आणि ओळखीचं कोणी नाही. गावच्या मॅचला दोनशे माणसं असतात, आणि त्यातल्या दीडशेंच्या घरी मी चतुर्थीला जाऊन आलेली असते. गोल झाल्यावर तुम्ही ज्याला मिठी मारता त्याला उद्या सकाळी पंचायतीत भेटणार असता, आणि तो तुम्हाला बघून परत हसणार असतो, काल संध्याकाळचा गोल दोघांच्याही चेहऱ्यावर. मोठ्या फुटबॉलमध्ये हे मिळत नाही, कितीही पैसे भरा.

तिकिटाचं म्हणाल तर तिकीटच नाही. मोठ्या मॅचला क्लबची पेटी फिरते, त्यात जमेल ते टाकायचं, रेफ्रीची फी, अँब्युलन्स, बर्फ, पाणी, सगळं त्यातूनच निघतं. टचलाइनपासून दोन हातांवर उभं राहता येतं. थ्रो घेणाऱ्या पोराचा श्वास ऐकू येतो, कोपऱ्यात दोघं एकमेकांवर आदळले की हाडाचा आवाज येतो, टीव्हीवर हा आवाज कधीच येत नाही आणि पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. बॉल बाहेर आला की आपणच उचलून द्यायचा. आघाडीवर असू तर सावकाश द्यायचा, मागे असू तर पळत जाऊन द्यायचा, हे तिथल्या सात वर्षांच्या पोराला पण कळतं.

बसायची सोय मैदानागणिक वेगळी. कुठे सिमेंटच्या पायऱ्या, कुठे चर्चच्या समोरचा कट्टा, कुठे नुसता बांध. बसायला पेपर घेऊन जा. बायकांच्या टॉयलेटचं मात्र मी माफ करत नाही, एका मैदानावर कुलूप होतं आणि चावी कोणाकडे ते कोणालाच माहीत नव्हतं, शेवटी समोरच्या घरातल्या मावशीने आत घेतलं, वर चहा पण दिला. मावशीला देव बरं करो, पण हे काम मावशीचं नाही. मैदानावर बायका-मुली याव्यात असं वाटत असेल तर ही एवढी गोष्ट करा, बाकी आम्ही उन्हात पण उभ्या राहतो.

खाण्यात मात्र चांदी आहे. मॅच सुटायच्या सुमारास गाडे लागतात, रस ऑम्लेट, कटलेट पाव, मिरची भजी. शागुतीचा (मसालेदार चिकनचा) रस गरम असताना वरून कांदा-कोथिंबीर आणि लिंबू, त्यात पाव बुडवायचा, आणि बाजूला उभं राहून चार जण मॅच पुन्हा खेळतात, तो पास द्यायला हवा होता, त्याला आधीच काढायला हवं होतं. हरलेल्या दिवशी हे खाणं गिळत नाही. जिंकलेल्या दिवशी माणूस दुसरी प्लेट मागतो आणि शेजारच्याची पण देऊन टाकतो. हाफ टाइमला चणेकार फिरतो, त्याच्याकडे दोन्ही टीमचे लोक उभे असतात आणि तिथे कोणी भांडत नाही, हे पण लिहून ठेवते.

आणि आवाज. आमच्याकडे ढोल-बिल नाही, चतुर्थीला घरोघरी आरत्या करणारं पथकच मैदानावर येतं, घुमट (कातडं लावलेलं मातीच्या घटाचं वाद्य), शामेळ (काठ्यांनी वाजवायचं), कासाळे (झांजा), सगळं घेऊन. घुमटाला आता बकऱ्याचं कातडं असतं, आधी घोरपडीचं लावायचे ते कायद्याने बंद झालं, आणि पावसात हे कातडं सैल पडतं, मग आवाज ढब्ब येतो. म्हणून पावसाळ्यातल्या मॅचला पथकातला एक जण गाड्यावाल्याच्या शेगडीजवळ घुमट धरून उभा असतो, कातडं तापवत, बोटाने टिचकी मारून बघत, आणि कॉर्नर मिळाला की लोक ओरडतात, आण रे लवकर. तो मॅच निम्मी बघतो. मी त्याला विचारलं होतं तुला वाईट नाही वाटत का गोल चुकतात ते, तर म्हणाला, गोल झाल्यावर वाजवायला घुमट तापलेलं नको का गो. त्याच्या बाजूला आमच्या कॅप्टनचा धाकटा भाऊ, यांची पावाची भट्टी आहे, तो सायकलवरचा भोंपू काढून घेऊन येतो. सकाळी ज्या पोंक पोंकने आपण पिशवी घेऊन दारात जातो तोच आवाज संध्याकाळी नव्वद मिनिटं. समोरच्या टीमचा गोलकीपर गोल किक घ्यायला आला की विशेष.

तर पोरांबद्दल. कॅप्टन पहाटे पाव टाकतो. सेंटर बॅक गॅसचे सिलिंडर पोचवतो, त्याला हवेत कोणी हरवू शकत नाही. गोलकीपर कॉलेजात आहे, परीक्षा आणि मॅच एकाच दिवशी आली की सगळ्या गावाचं टेंशन. कोच शाळेतले पीई सर. आणि आमचा नऊ नंबर वीज खात्यात लाइनमन आहे, वादळात झाड पडून तारा तुटल्या की हा रात्रभर खांबावर आणि दुसऱ्या दिवशी चारला मैदानात. प्रॅक्टिस संध्याकाळी काम आटोपून, मैदानात उजेड असेल तोवर. या पोरांना मिळतं ते पेट्रोलला पुरतं. जर्सी धुवायचं काम खजिनदारांच्या घरी, त्यांच्या बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, दोरीवर एक ते अठरा नंबर ओळीने वाळत घातलेले असतात आणि येणारा-जाणारा बघून जातो की सात नंबर दिसत नाही, काय झालं, इंज्युरी की काय.

आता इथून मुद्द्याचं, कारण हा रिव्ह्यू लिहायला बसले ते त्या एका संध्याकाळसाठी.

सीझनची शेवटची मॅच, धुळेर स्टेडियम, म्हापसा. जिंकलो तर प्रो लीग, बरोबरी झाली तर नाही. सकाळी कोणी बोडगेश्वराच्या देवळात नारळ ठेवून आलेले, कोणी चर्चमध्ये मिलाग्रीस सायबिणीला मेणबत्ती लावून आलेले, आणि बरेच जण दोन्हीकडे जाऊन आलेले, म्हापशात यात नवीन काही नाही. गावात दुकानं अर्धी बंद. आमच्या शेजारचे आजोबा, ज्यांना जिना चढायला दोन माणसं लागतात, ते खुर्चीसकट पिकअपमध्ये बसून आले.

बाराव्या मिनिटाला गोल खाल्ला. साधा गोल, लांबून मारलेला, आमच्या एका पोराच्या पायाला लागून वळला. स्टँडमध्ये जो सन्नाटा झाला त्यात मला सेंटर बॅकची आई ऐकू आली, ती नुसतं म्हणत होती, असू दे, असू दे, असू दे. हाफ टाइमला कोणी चणे घेतले नाहीत. दुसऱ्या हाफमध्ये कॅप्टनने फ्री किक मारली, भिंतीवरून, आत, एक-एक, आणि तिथून पुढे जे काही झालं ते मला सलग आठवत नाही, तुकडे आठवतात. घुमटवाला उभा राहिला होता. सर खाली बसले होते, गवतावर, कारण उभं राहवत नव्हतं. आमचा एक हेडर बारला लागला आणि दोनशे माणसांच्या तोंडून एकदम जो आवाज आला तो अजून कानात आहे. घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं तरी बघायचे, अजून अकरा मिनिटं, अजून नऊ, रेफ्रीबाब किती देतील, तीन देतील का.

मग कॉर्नर. आमचा गोलकीपर पण वर यायला निघाला, सरांनी हात करून परत पाठवला, अजून वेळ आहे म्हणून. बॉल पहिल्या पोस्टला आला, कोणीतरी डोकं लावलं, सुटला, दोघं पडले, बॉल मध्येच उसळत राहिला, आणि लाइनमनने, आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत शिवोलीच्या रस्त्याला खांबावर होता तो, त्याने पाय लांब करून नुसता बूट लावला. धड किक सुद्धा नाही. बॉल सावकाश गेला, इतका सावकाश की आम्हाला सगळ्यांना तो जाताना बघता आला, डिफेंडर मागे पळतोय, पोहोचत नाही, लाइन ओलांडली.

मला सांगा, असं दुसऱ्या कशात होतं? पगार वाढला तर आनंद होतो, लग्नात होतो, मूल झालं की होतो, पण त्यात विचार असतो, पुढचं काय ते डोक्यात चालू असतं. तिथे त्या चार-पाच सेकंदांत डोक्यात काहीच नव्हतं. मी कोणाला मिठी मारली ते मला नंतर व्हिडिओत बघून कळलं, आमच्या वॉर्डातल्या एका बाईला, जिच्याशी पाण्याच्या नळावरून तीन वर्षं बोलणं नव्हतं. आता बोलतो. पोरं सगळी कोपऱ्यात एकावर एक पडलेली, धुळेरचं मैदान आर्टिफिशियल टर्फचं, त्यात रबराचे काळे दाणे असतात, ती पोरं उठली तेव्हा कपाळाला, गालाला, दातांना दाणे चिकटलेले आणि सगळे हसतायत. माझ्या चपलेत पण निघाले घरी, कारण शिट्टी झाल्यावर कोणी कोणाला अडवलं नाही, सगळं गाव आत. आजोबांना खुर्चीसकट सेंटर सर्कलमध्ये नेलं. ते रडत होते, आणि कॅप्टन त्यांच्या पायाशी बसून त्यांचा हात धरून होता, आजोबा स्वतः तरुणपणी याच क्लबात राइट बॅक होते.

रात्री पिकअप, स्कूटर, एक टेम्पो, भोंपू वाजवत गावात. देवळासमोर थांबलो, गाऱ्हाणं घातलं, मग कपेलाकडे (छोट्या चर्चकडे), तिथे फटाके, मग सरांच्या घरी, त्यांच्या आईने दृष्ट काढली सगळ्या टीमची, एकेकाची नाही, एका रांगेत उभं करून. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला आमच्या ट्रान्सफॉर्मरवर लाइनमन काम करत होता, खाली रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण थांबून वर बघून ओरडत होता, आणि तो एका हाताने खांब धरून दुसरा हात वर करत होता. मी ऑफिसला उशिरा पोचले.

आता कोणी म्हणेल ही एकच मॅच झाली, बाकीच्या वेळी काय. बाकीच्या वेळी हरतो. चार-शून्य हरतो, चिखलात हरतो, पेनल्टी चुकवून हरतो. त्याच्या आदल्या वर्षी सेकंड डिव्हिजनला जाता जाता वाचलो होतो आणि त्या वाचण्याचा आनंद सुद्धा जिंकण्यापेक्षा फार कमी नव्हता, शेवटची शिट्टी झाल्यावर लोक एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून नुसते उभे होते. सर्व्हिस म्हणून बघाल तर आनंदाची डिलिव्हरी अनियमित आहे. पण आली की वर्षभराची एकदम येते.

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये स्विंडनला आहे, तिथे गोंयकार इतके आहेत की तिला कोकम पण मिळतं. ती आणि तिचा नवरा स्विंडन टाउनच्या मॅचना जातात, काउंटी ग्राउंडला, लाल जर्सी घालून. तो क्लब एकच वर्ष प्रीमियर लीगमध्ये होता, १९९३-९४ ला, शंभर गोल खाऊन खाली आला, आणि त्याच क्लबने १९६९ ला आर्सेनलला ३-१ ने हरवून लीग कप जिंकला होता, तेव्हा तो तिसऱ्या डिव्हिजनमध्ये होता. आता लीग टूमध्ये, म्हणजे चौथ्या पायरीवर. २०२० ला त्यांनी लीग टू जिंकली होती पण कोविडने सीझन मधेच बंद पडला आणि मॅचमागे किती पॉइंट्स त्या हिशेबावर पहिला नंबर मिळाला. बहीण सांगते, फोनवर बातमी वाचली, चहा केला, संपलं, आणि नंतर २०२१ ला खाली आले ते मात्र खरंखुरं लागलं. ती म्हणाली ते मला पटलं, वर जाणं डोळ्यांसमोर व्हायला हवं.

आपल्या चर्चिल ब्रदर्सच्या लोकांना विचारा. २०२५ च्या एप्रिलमध्ये एआयएफएफने, म्हणजे देशाच्या फुटबॉल फेडरेशनने, आय-लीगचे चॅम्पियन म्हणून त्यांचं नाव जाहीर केलं, आणि जुलैमध्ये स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाने ते इंटर काशीला दिलं. कोण बरोबर त्यात मी शिरत नाही, पण दोन्हीकडच्या फॅन्सना तो एक क्षण मिळालाच नाही, ज्यात बॉल लाइन ओलांडतो आणि तुम्ही शेजारच्याच्या अंगावर पडता. कागदावर मिळालेला कप घरी येतो, अंगावर काटा येत नाही.

आणि खालची लीग म्हणजे छोट्यांचीच असंही नाही. गोव्याचा धेंपो क्लब पाच वेळा देशाचा चॅम्पियन, कोच अर्मांद कुलासो सर, अख्खा भारत ज्यांना घाबरायचा. २०१५ ला तेच आय-लीगमधून खाली गेले, पुढच्याच सीझनला दुसरी डिव्हिजन जिंकून वर आले, मग २०१६ ला गोव्यातल्या तीन मोठ्या क्लबांनी, धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग, फेडरेशनच्या नव्या आराखड्याच्या निषेधार्थ राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलं. इतकी वर्षं धेंपोचे जुने फॅन गोव्याच्याच लीगच्या मॅचना येत राहिले, आणि २०२४ ला टीम परत आय-लीगला चढली तेव्हा माझ्या ऑफिसमधले एक साठीचे गृहस्थ पेढे घेऊन आले होते. पाच राष्ट्रीय टायटल्स बघितलेला माणूस, आणि दुसऱ्या नंबराने वर चढल्याचे पेढे! मी विचारलं, टायटलचा आनंद मोठा की हा, तर म्हणाले हा, कारण मधे काहीच नव्हतं.

एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय. गोव्यात मराठी वाचणाऱ्या बऱ्याच घरांत असं एक बोललं जातं की फुटबॉल सासष्टीचा, म्हणजे दक्षिणेकडच्या मडगावच्या बाजूचा, आपला नाही, आपलं क्रिकेट आणि नाटक. माझ्या बाबांना याचा राग येतो आणि त्यांचा राग बरोबर आहे. ब्रह्मानंद शंखवाळकर कोणाचा? साळगावकरचा गोलकीपर, भारताचा कॅप्टन, त्याच्या कॅप्टनशिपखाली गोव्याने संतोष ट्रॉफी जिंकली, १९९७ ला अर्जुन, २०२२ ला पद्मश्री. महेश गवळी, समीर नाईक, हे फुटबॉलपटू कोणाचे? आणि भाऊसाहेब बांदोडकरांच्या नावाची ट्रॉफी १९७० पासूनची, ती फुटबॉलचीच ना? बाबा तरुणपणी मॅचना जायचे, त्या वेळी ट्रान्झिस्टर कानाला लावून दुसऱ्या मैदानावरचा स्कोर ऐकायचे, आता व्हॉट्सअ‍ॅपवर मला विचारतात. शिवोलीत १८८३ च्या सुमारास एका आयरिश पाद्रीने पहिल्यांदा बॉल आणला असं सांगतात, शिवोली आमच्या शेजारी, बार्देशात. म्हणजे सुरुवातच इथून. पेडणे, डिचोली, सत्तरीची पोरं आता प्रो लीगमध्ये दिसतात. त्यांची नावं पेपरात बारीक अक्षरात येतात, त्यांच्या आया कात्रण काढून ठेवतात, तुम्ही मैदानावर गेलात तर ती नावं मोठ्याने ओरडली जातील.

कोणी जाऊ नये? ज्याला पाच-पाच गोल, रिप्ले, कॉमेंटरी हवी त्याने घरी बसावं, प्रो लीगच्या काही मॅच यूट्यूबवर दिसतात, त्या बघाव्या. आणि रेफ्रीला आईबहिणीवरून शिव्या द्यायला येणाऱ्यांनी येऊच नये, आमच्याकडे तसं करणाऱ्याला खजिनदार स्वतः बाहेर नेतात, रेफ्री पण कामावरून सुटून आलेलाच माणूस असतो.

बाकी सगळ्यांनी यावं. लहान मुलांना आणाच, हाफ टाइमला ती मैदानात उतरतात आणि मोठ्या गोलपोस्टमध्ये पेनल्टी मारतात. मॅच बहुतेक चारच्या आसपास असते, अर्धा तास आधी या म्हणजे वॉर्मअप बघता येतो. टोपी, पाणी, पावसाळ्यात रेनकोट, कारण छत्री उघडली की मागचे ओरडतात. जुन्या गावात नवीन राहायला आला असाल, कोणाशी ओळख होत नाही अशी तक्रार असेल, तर तीन मॅच सलग या, चौथ्या मॅचला तुम्हाला जागा धरून ठेवलेली असेल. आमच्या गावात पुण्याहून आलेलं एक जोडपं असंच आलं, आता त्यातला नवरा पाण्याच्या बाटल्यांचं बघतो आणि बायकोने आरती पथकात शामेळ शिकायला घेतलंय.

पुढचा सीझन प्रो लीगचा, समोर साळगावकर, चर्चिल असे क्लब, पगारी खेळाडू, परदेशी कोच. मार बसणार, सगळ्यांना माहीत आहे. सरांनी पहिल्याच मीटिंगला सांगितलं की प्रॅक्टिस आता पहाटे साडेपाचला पण असेल, आणि कॅप्टन म्हणाला मला चालेल, मी तेव्हा जागाच असतो. नवीन जर्सीचे पैसे जमवायचे आहेत, रंग तोच ठेवलाय, मागे गावाचं नाव येणार. पेटी यंदा बायकांच्या स्टँडमध्ये फिरवायचं काम माझ्याकडे दिलंय, तेव्हा याल तर सुटे घेऊन या, गूगल पेचा बोर्ड पण लावतोय.